वज्रासनात पायाला मुंग्या येतात, गुडघ्यात कळ मारते: काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

ठाण्यात घोडबंदर रोडच्या एका सोसायटीत मी सकाळी सव्वासहाची बॅच घेते. दर 21 जूनला योग दिनाचा उत्साह येतो, नवी मंडळी नवीन मॅट घेऊन हजर होतात आणि जुलै उजाडला की तक्रार ठरलेली: "मॅडम, वज्रासनात बसवत नाही." नुसतं टाचांवर बसायचं आसन, पण निम्मी बॅच त्यातच अडकते. दरवर्षी तेच सांगते, म्हणून आता लिहूनच ठेवते.

आधी तुमचं दुखणं यातलं कुठलं ते बघा.

- दोन-चार मिनिटांत पावलाच्या वरच्या बाजूला आणि नडगीच्या बाहेरच्या अंगाला मुंग्या येतात.
- उठल्यावर पाय आपला वाटत नाही. चप्पल पायात गेली की नाही तेही कळत नाही.
- घोट्याच्या पुढे ताण येतो, पावलाच्या पाठीला लादी टोचते.
- गुडघा दुखतो. वाटीच्या आसपास, आतल्या कडेला, की मागच्या खळगीत, हे नीट सांगता आलं पाहिजे. तिन्हींची कारणं वेगळी.
- टाचांपर्यंत पोचताच येत नाही. बैठक अधांतरी राहते आणि तोल सावरायला माणूस पुढे वाकतो.

पहिल्या दोन तक्रारी नसेच्या, तिसरी घोट्याची, चौथी गुडघ्याची. पाचवी खरं तर दुखणं नाहीच, नुसता आखडलेपणा आहे, आणि तिच्यावरचा उपाय सगळ्यात सोपा आहे. पण लोक पाचवीवर जोर लावतात आणि चौथी ओढवून घेतात.

मुंग्यांबद्दल एक गोष्ट आधीच सांगते. "रक्त थांबलं" असं आपण सहज म्हणून जातो, पण बहुतेक वेळा नस दाबली गेलेली असते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, वाटीच्या पातळीच्या थोडं खाली, बोट फिरवून बघा. हाडाचा एक टणक उंचवटा लागेल. त्याच्या लगेच खालून एक नस हाडाला वळसा घालून पुढे नडगीकडे जाते. डॉक्टर तिला पेरोनिअल नर्व्ह म्हणतात. तिथे तिच्यावर कातडी आणि जरासं मांस, बस. पाऊल आणि अंगठा वर उचलण्याचं काम ही नस करवून घेते. थोडा वेळ दाबली गेली तर मुंग्या येतात आणि जातात. फार वेळ दाबली गेली तर पाऊल उचललंच जात नाही, चालताना चवडा जमिनीवर फटफट आपटतो. ही माझ्या मनची भीती नाही. 1971 साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात अशी केस छापून आली होती. माणूस रोज कित्येक तास टाचांवर बसत होता. त्या दुखण्याला डॉक्टरांनी नावच "योगा फूट ड्रॉप" असं दिलं होतं.

तुम्ही कित्येक तास बसणार नाही, हे मला माहीत आहे. पण मालिका लागली की अर्धा तास कसा जातो हेही मला माहीत आहे.

पहिली तपासणी: घड्याळ

फुकट आहे, म्हणून पहिली. किती वेळ बसता? "पाच-दहा मिनिटं" हे उत्तर धरत नाही, मोबाईलवर टायमर लावा. नवशिक्याने पहिला आठवडा एक मिनिट बसावं, पुढच्या आठवड्यात दोन. पाच मिनिटं आरामात जमली की माझ्या मते बहुतेकांना तेवढी पुरेत. मुंग्या येईपर्यंत थांबायचं नसतं. पहिल्या मुंगीला उठायचं.

आणि उठायचं कसं, तेही याच तपासणीत येतं. दोन्ही हात पुढे टेका, वजन हातांवर घ्या, बैठक बाजूला सरकवा, एकेक पाय समोर लांब करा. बोटं हलवा, घोटे फिरवा. पाय पुन्हा आपला वाटायला लागला की मगच उभं राहायचं. मी शिकवायला लागले त्याच वर्षी घरी वज्रासनात बसले होते. दाराची बेल वाजली, ताडकन उठले. डाव्या पायाला जमीन लागलीच नाही. पाऊल दुमडून त्याच्यावरच बसले. वज्रासनाने माझं काही बिघडवलं नव्हतं, त्या दोन सेकंदांनी बिघडवलं. तीन आठवडे क्रेप बँडेज बांधून मी खुर्चीवरून शिकवलं, आणि दारात आला होता तो इस्त्रीवाला.

दुसरी: अंगावर काय आहे, खाली काय आहे

जोडवी. पायाच्या बोटातली जोडवी काढा, निदान आसनापुरती तरी. पावलाची पाठ जमिनीला लागते तेव्हा जोडव्याची कड थेट बोटाच्या हाडावर येते. एक ताई सहा महिने "घोट्यात काहीतरी झालंय" म्हणत होत्या. मी खाली बसून पाऊल बघितलं तर दुसऱ्या बोटावर जोडव्याचा लालबुंद ठसा. बोट दुखू नये म्हणून त्या नकळत पाऊल तिरकं ठेवत होत्या आणि ताण घोट्यावर जात होता. पैंजणाच्या घुंगरांचंही तेच, ते घोट्याखाली रुततात.

पुरुषांच्या बाबतीत जीन्स. गुडघ्यामागे जाड कापडाची चुणी जमते आणि पाचर मारल्यासारखी बसते. सैल सुती पायजमा घाला.

खाली लादी असेल तर पातळ मॅट पुरत नाही. आमच्या क्लबहाऊसला गुळगुळीत टाईल्स आहेत, त्यावर चार मिलिमीटरची मॅट म्हणजे नसल्यासारखीच. मॅटवर दोन घड्यांची सतरंजी किंवा जुनी गोधडी घाला. महागडी जाड मॅट घ्यायला गावदेवी मार्केटला धावायची गरज नाही. कपाटाच्या वरच्या खणात गोधडी असतेच.

निम्म्या तक्रारी इथेच संपतात.

तिसरी: पावलं कशी पडली आहेत

हे स्वतःला दिसत नाही. घरातल्या कुणाला तरी मागून फोटो काढायला सांगा. फोटोत तीन गोष्टी बघायच्या.

दोन्ही पायांचे अंगठे एकमेकांना टेकलेले आणि टाचा थोड्या उघडलेल्या, म्हणजे पावलांची उथळ परडी झालेली दिसली पाहिजे. बैठक त्या परडीत. बोटं मागे सरळ, खाली दुमडलेली नकोत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पावलं बैठकीच्या खाली हवीत, दोन्ही बाजूंना फाकलेली नकोत. लहान मुलं खेळताना पाय बाहेर टाकून मध्ये जमिनीवर बसतात, तसं काही मोठी माणसंही बसतात आणि त्यालाच वज्रासन समजतात. त्यात नडगी बाहेरच्या बाजूला पिळली जाते. गुडघा दाराच्या बिजागरीसारखा आहे, पुढे-मागे चालतो. पीळ घ्यायचं काम खुब्याचं. खुब्याने तो घेतला नाही की गुडघ्याच्या आतल्या बाजूची गादी आणि अस्थिबंध तो सोसतात. आतल्या कडेला कळ येत असेल तर सगळं सोडून आधी हे बघा.

चौथी: उंची

माझं खरं म्हणणं या तपासणीत आहे. वज्रासन जमत नाही म्हणणाऱ्या दहा जणांत मला बहुतेक वेळा एकच चूक दिसते: उंची कमी पडते, आणि लोक ती जिद्दीने भरून काढायला बघतात.

टाचांवर पूर्ण बसणं म्हणजे गुडघा जवळजवळ जितका वाकू शकतो तितका वाकवणं आणि घोटा पार सरळ करणं. शेवटची थोडी घडी सगळ्यांना मिळतेच असं नाही. मांडी जाड असेल, पोटरी भरलेली असेल तर दोन मांसल भाग एकमेकांना आधीच टेकतात आणि पुढे जागाच उरत नाही. जिममध्ये जाणाऱ्या पोरांचं हे हमखास होतं. त्यात चूक काही नाही. जागा नाही एवढंच.

मग उंची द्यायची. घडी केलेली चादर, उशी, जाड पुस्तकावर टॉवेल, काहीही चालतं. ते टाचा आणि बैठक यांच्या मध्ये ठेवा आणि त्यावर बसा. किती उंच? गुडघ्यात ओढ न येता दोन मिनिटं सलग बोलता येईल इतकं. बोलताना वाक्य तुटलं की उंची कमी आहे. जुन्या घरांत जेवणाचे पाट असत, आठवतात? पाट पावलांवर ठेवायचा नाही, पावलं पाटाच्या खाली जातील इतपत उंच पायांचा असायला हवा. आमच्या बॅचमधल्या एका निवृत्त काकांनी ओळखीच्या सुताराकडून असं बुटकं बाकडं करून घेतलं. पावलं खालून मोकळी जातात, बैठक फळीवर. त्यांचा गुडघा दोन वर्षं कुरकुरला नाही. आता बॅचमध्ये तशी चार बाकडी आहेत आणि जागेवरून भांडणं होतात.

आधार घेतला तर आसन "खोटं" होतं, असं मानणारे अजून भेटतात. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार गुरुजींनी ब्लँकेट, लाकडी ठोकळे, पट्टे, खुर्च्या घेऊन आसनं शिकवली आणि ती पद्धत जगभर गेली. त्यांना चाललं ते आपल्याला क्लबहाऊसमध्ये न चालायला काय झालं?

घोट्याच्या पुढे ताण असेल तर उंची तिथे द्यायची. नॅपकिन गुंडाळून लहान वळकटी करा, घोटा आणि जमीन यांच्यातल्या पोकळीत सरकवा. घोट्याला पार सपाट व्हावं लागत नाही आणि ओढ लगेच उतरते. हा उपाय इतका पटकन लागू पडतो की लोकांना खरं वाटत नाही.

गुडघ्याच्या मागे टॉवेल ठेवायला काही जण सांगतात. ठेवायचा तर सपाट घडी, घट्ट वळकटी नको, कारण खळगीतूनच मोठ्या रक्तवाहिन्या आणि नसा जातात. आणि मागे आधीच फुगवटा किंवा दुखणं असेल तर अजिबात नको. तिथे बैठकीखालची उंचीच वाढवा.

पाचवी: आखडलंय ते कुठे

उंची देऊन आराम पडला, पण ती कमी करायची आहे, तर मेहनत इथे. आठवड्यांचं काम आहे, दिवसांचं नाही.

पालथे झोपा. एक गुडघा वाकवून हाताने टाच बैठकीकडे आणा. जोर लावू नका. टाच आणि बैठक यांच्यात किती बोटं अंतर राहतं ते मोजा, मग दुसरा पाय. चार बोटांहून जास्त राहिलं तर मांडीचा पुढचा स्नायू आखडला आहे असं मी धरते. दोन्ही पायांत फरक असेल तर तो लिहून ठेवा. दुखतो तो गुडघा आणि आखडलेली मांडी पुष्कळदा एकाच बाजूला सापडतात.

यात नवल नाही. ऐरोलीच्या ऑफिसात नऊ तास खुर्ची, जाता-येता गाडीत खुर्ची, घरी सोफा, सकाळी कमोड. उकिडवं बसणं आणि पंगतीला मांडी घालणं आयुष्यातून गेलं. गुडघा आणि घोटा त्यांच्या टोकापर्यंत दिवसभरात एकदाही जात नाहीत.

उपाय साधा. खिडकीच्या ग्रिलला धरून उभं राहा, एक पाय मागे दुमडून घोटा हातात घ्या, गुडघे जवळ, कंबर पुढे न फेकता वीस-तीस सेकंद. दोन्ही बाजूंनी तीनदा. घोट्यासाठी खुर्चीवर बसून पाऊल मागे घ्या, बोटांची वरची बाजू जमिनीला टेकवा, हलका दाब द्या. रोज. दीड-दोन महिन्यांनी पालथे झोपून पुन्हा बोटं मोजा.

सहावी: हे आसन सोडून द्यायचं का?

सोडलं तर काही बुडत नाही, पण त्यातून काय मिळतं ते कळू दे. गुडघे खुब्याच्या खाली राहतात, त्यामुळे ओटीपोटाचं हाड मागे कलत नाही आणि पाठीचा कणा फारसे कष्ट न घेता सरळ राहतो. मांडी घालून बसलं की ज्यांची पाठ गोल होते त्यांना प्राणायामासाठी ही बैठक खरंच बरी पडते. मांडीचा पुढचा भाग आणि घोटे ताणले जातात. जेवल्यावर आडवं होण्यापेक्षा ताठ बसणं आम्लपित्तवाल्यांना नक्कीच चांगलं, कारण ताठ बसलं की पोटातलं आम्ल वर चढायला सहज वाव मिळत नाही. मात्र तो ताठ बसण्याचा फायदा आहे, खुर्चीतही तो मिळतो. "पायाचं रक्त अडवून पोटाकडे वळवतो" हे व्हॉट्सअॅपवरचं स्पष्टीकरण मी वर्गात सांगत नाही. वज्रासनाने वजन उतरतं, मधुमेह जातो, हेही नाही.

पाचही तपासण्यांनंतर जमत नसेल तर सुखासन, बैठकीखाली उशी घेऊन. तेही नको तर खुर्ची, पावलं जमिनीवर सपाट. पतंजलींनी आसनाची व्याख्या तीन शब्दांत केली आहे, "स्थिरसुखमासनम्", योगसूत्रांच्या दुसऱ्या पादातलं 46 वं सूत्र. त्यात टाचांचा उल्लेख नाही.

कोणी सुरूच करू नये

गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी टाचांवर बसायचं नाही, सर्जनने स्वतः सांगितल्याशिवाय नाहीच. गुडघ्याची गादी फाटली आहे असं निदान झालेले, घोट्याला किंवा गुडघ्याला नुकतं फ्रॅक्चर किंवा ऑपरेशन झालेले, पायाच्या शिरेत पूर्वी गाठ झालेले, कमरेतून पायात कळ उतरणारे, यांनी आधी डॉक्टरांना विचारायचं. गरोदर बायकांनीही. मधुमेहामुळे पावलांची संवेदना कमी झालेल्यांनी विशेष जपा. तुम्हाला मुंग्या कळणारच नाहीत, म्हणजे वरची घड्याळाची तपासणी तुमच्या कामाची नाही, आणि पावलावर दाबाची जखम झाली तरी पत्ता लागणार नाही.

इथे थांबा, डॉक्टरांकडे जा

घरगुती तपासणी इथे संपते. पुढचं काही दिसलं तर उशी, टॉवेल, मालिश, कुणाच्या तरी ओळखीचा हाड बसवणारा, सगळं बंद.

बसून उठल्यावर अंगठा किंवा पाऊल वर उचलता येत नाही, किंवा मुंग्या अर्ध्या तासानंतरही तशाच आहेत. त्याच दिवशी डॉक्टर. अंगठ्याची ही परीक्षा मी मुंग्या येणाऱ्या प्रत्येकाकडून करून घेते: टाच जमिनीवर, अंगठा आभाळाकडे. दोन्ही अंगठे सारखे उचलले गेले पाहिजेत.

गुडघा अडकतो, सरळच होत नाही, किंवा "टक" आवाजाबरोबर कळ येते आणि काही तासांत सूज चढते. हाडांचे डॉक्टर.

एकाच पोटरीला सूज, गरमपणा, लाली, दाबल्यावर दुखणं. शिरेत गाठ असू शकते. चोळायचं नाही, हॉस्पिटल गाठायचं. जोडीला दम लागला किंवा छातीत दुखलं तर 108 ला फोन.

दोन्ही पायांत बधिरपणा आणि लघवी-शौचावरचा ताबा सुटल्यासारखा वाटणं, किंवा बैठकीच्या जागेवर स्पर्श न कळणं. रात्र असो, पाऊस असो, थेट इमर्जन्सीत.

आणि यातलं काहीच नसताना, सगळं बदलून बघूनही तीन आठवड्यांत फरक नसेल तर फिजिओथेरपिस्टकडे जा. माझ्याकडे नको. मी शिकवते, तपासणी करणं माझं काम नाही. गेल्या पावसाळ्यात एक बाई "तुम्हीच दाबून द्या ना जरा" म्हणून हटून बसल्या होत्या. नाही दाबलं. पुढे एमआरआयमध्ये त्यांच्या गुडघ्याची गादी फाटलेली निघाली.

डॉक्टरांकडे जाताना तो मागून काढलेला फोटो मोबाईलमध्ये असू द्या. कितव्या मिनिटाला मुंग्या सुरू होतात, कुठल्या पायाला, उठल्यावर किती वेळ राहतात, आणि पालथे झोपून मोजलेली बोटं, एवढं कागदावर लिहून न्या. "बसलं की दुखतं" एवढंच सांगितलं तर डॉक्टर तरी काय करणार.